हात डायखाली का जातो?

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कामगार पुढारी लोखंड्यांचं नाव निघालं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. ते बरोबरच आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि आपण आजतागायत ती उपभोगतो आहोत. पण त्याच्या सहा वर्षं आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, परळला लोखंड्यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली होती आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं एक निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे गेलं होतं. त्यात मागण्या पाच. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी अशी की, काम करताना जबर दुखापत झाली तर माणूस बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

पहिल्या चार मागण्यांवर भाषणं पुष्कळ होतात. मी आज पाचवीवर बोलणार आहे.

लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्याला कारखान्याची खरी नाडी कळते, असा माझा अनुभव आहे. कुठला पट्टा तुटला, कुठल्या खात्यात चिंध्या आणि टिंक्चर जास्त लागतं, हे मॅनेजरच्या आधी त्याला माहीत असतं. त्या काळी एका वाफेच्या इंजिनावर सगळी गिरणी चाले. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरत आणि त्यांच्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत उतरत. पट्टा धोतराचा सोगा धरी, बाही धरी, हात धरी. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला त्यात यंत्रांना कठडे घाला असं लिहिलं होतं, पण तो लागू होता शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना. नव्याण्णव माणसांच्या कारखान्यातला पट्टा जणू हात ओळखून सोडायचा!

१८८४ या सालाकडे जरा बघा. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. सप्टेंबरात परळच्या सभेत तेच मागितलं गेलं. परळ बर्लिनच्या फार मागे नव्हतं, फरक राज्य कोणाचं एवढाच होता. खुद्द इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा कायदा १८९७ च्या ऑगस्टमध्ये झाला. लोखंडे त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला गेले. हिंदुस्थानात तो यायला १९२३ उजाडलं. म्हणजे पाचव्या मागणीचा अर्धा भाग मान्य व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली. 'अर्धा' का म्हणतो, ते पुढे सांगतो.

लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर, पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातलं. त्याच तालुक्यात आज चाकणची औद्योगिक वसाहत आहे. तिथून भोसरी-पिंपरीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये लाखो सुटे भाग रोज दाबून, कापून, वाकवून निघतात. माझा उभा जन्म अशा शेडच्या टूलरूममध्ये गेला. मी डाय, म्हणजे यंत्रातले साचे, बनवणारा माणूस. वकील नाही, डॉक्टर नाही, पुढारी तर मुळीच नाही. तेव्हा मला जे यंत्र कळतं त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

पॉवर प्रेस तुम्ही पाहिला नसेल तर असा डोळ्यांपुढे आणा. ओतीव लोखंडाचा माणूसभर उंच सांगाडा, बाजूने पाहिला तर इंग्रजी सी अक्षरासारखा. एका अंगाला जड फ्लायव्हील. मोटर चालू आहे तोवर ते फिरतच राहतं. समोर खाली बसवलेली डाय आणि वर रॅमला लावलेला पंच. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायाने पॅडल दाबतो. पॅडलने एक खटका सुटतो, क्लचमधली की अर्धी वळते आणि फिरतं फ्लायव्हील क्रँकला जोडलं जातं. क्रँकचा एक फेरा. रॅम खाली येतो, पत्रा कापतो, वर जातो. वर पोचल्यावर की सुटते आणि रॅम थांबतो. मिनिटाला साठ फेऱ्यांचं यंत्र असेल तर वरून खाली यायला अर्धा सेकंद.

आता या बांधणीतली खरी गोम. की एकदा अडकली की फेरा पुरा होईपर्यंत ती सुटत नाही. मधे कोणी काही करू शकत नाही. मोटर बंद करा, मेन स्विच पाडा, लाल बटण दाबा, फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद तो फेरा पुरा करणारच. म्हणून की-क्लचच्या प्रेसवर बसवलेलं लाल बटण पाहिलं की मला देव्हाऱ्यातल्या घंटेची आठवण होते: वाजवणाऱ्याला समाधान, बाकी काही नाही.

हल्ली ऑडिटवाले येणार म्हटलं की मालक धावपळ करून सेन्सर बसवून घेतात. प्रकाशाचा पडदा. हात त्यात शिरला की यंत्र थांबलं पाहिजे. हे तंत्र उत्तम आहे, पण ते फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, जिथे हवेच्या दाबावर क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि रॅम मधल्या मधे उभा राहतो. तिथेही हिशोब असतो. माणसाचा हात सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगाने पुढे जातो असं धरतात. रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा धोक्याच्या जागेपासून निदान ३२ सेंटिमीटर अलीकडे हवा. त्याहून जवळ लावला तर हात आधी पोचेल, ब्रेक नंतर लागेल. आणि की-क्लचवर तर हा पडदा चालूच शकत नाही, कारण थांबायची सोयच नाही. अमेरिकेच्या नियमांत की-क्लच प्रेसला अशा सेन्सरचा आधार घ्यायला सरळ मनाई आहे. आपल्याकडे तो लावलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. हिरवा दिवा लागलेला, शेजारी भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'चा बोर्ड आणि आत बोटं.

की-क्लचचा दुसरा दुर्गुण आणखी वाईट. की झिजते, खटक्याची स्प्रिंग मऊ पडते. मग रॅम वर जाऊन थांबायच्या ऐवजी, पॅडलला पाय न लावता, पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये म्हणतात, प्रेसने डबल मारला. त्या वेळी कामगाराचा हात कुठे असतो? तयार नग उचलायला डायमध्ये. त्याने काही चूक केलेली नसते. तो कामाच्या ठरल्या क्रमानेच हात घालत असतो.

आता 'हलगर्जीपणा' या आरोपाकडे येऊ. अपघाताच्या कागदावर कारणाच्या रकान्यात हा नाहीतर 'कामगाराचे दुर्लक्ष' असा शेरा असतो. शेरा लिहिणाऱ्याने कधी आकडेमोड केलेली नसते. मी करून दाखवतो. मिनिटाला दहा नग धरा, हे काही फार नाही. आठ तासांच्या पाळीत चार हजार आठशे नग. प्रत्येक नगाला हात दोनदा आत जातो, एकदा ठेवायला, एकदा काढायला. म्हणजे एका पाळीत नऊ हजार सहाशे वेळा. आता असा माणूस आणा जो दहा हजारांत एकदाच चुकतो. मी असा माणूस आयुष्यात पाहिलेला नाही, मी स्वतः तर नक्कीच नव्हे. पण असा सापडला तरी त्याची चूक जवळजवळ रोज एकदा होणार. रोज बोट जात नाही ते नशिबाने, कारण त्या क्षणी रॅम वर असतो. त्यात ओव्हरटाइम लावून बारा तासांची रात्रपाळी करा. पहाटे चारच्या सुमाराला पाय आणि हात यांची लय सुटते. पाय हाताच्या पुढे धावतो. ज्याने सुपारीच्या अडकित्त्यावरही कधी बोट कापून घेतलं असेल त्याला हे सांगावं लागू नये.

पॅडल काढून दोन बटणं लावा, हा यावरचा जुना उपाय. दोन्ही हातांनी एकदमच दाबल्याशिवाय यंत्र चालत नाही, मग हात आत राहणारच नाही. उपाय चांगला. पण मी एका शेडमध्ये गेलो तर दोनपैकी एक बटण वॉशर आणि चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं. सुपरवायझर म्हणाला, "पोरंच करतात साहेब, ऐकत नाहीत." मी पोराला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "काका, टार्गेट पॅडलवर असतानाचंच आहे." बटणं आली, तशी नगांची संख्या कमी धरायला हवी होती. ती कोणी धरली नाही. चिकटपट्टी कोणाच्या हाताने लागली हे महत्त्वाचं नाही, ती कोणाच्या वहीतून निघाली ते बघायला हवं.

गंमत म्हणा की शोकांतिका, कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे, आणि तोही आजचा नव्हे, १९२३ पासून. भरपाई द्यायची की नाही हे ठरवताना तो कामगाराचं दुर्लक्ष विचारातच घेत नाही. मालकाला सुटका कधी? कामगार दारू प्यायलेला असेल, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम त्याने मुद्दाम मोडला असेल किंवा गार्ड मुद्दाम काढला असेल तर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर आता हीही कारणं चालत नाहीत. निव्वळ बेसावध असणं, दमणं, लय चुकणं, ही कायद्याच्या नजरेत भरपाई नाकारायची कारणं नाहीत. तरीही शंभर वर्षांनंतर आपला पहिला प्रश्न तोच: "लक्ष कुठे होतं?"

आता त्या भरपाईचा तक्ता. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला आमच्या टूलरूममधला ड्रिलचा रेटचार्ट आठवला. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात. अंगठ्याचं फक्त शेवटचं पेर, २० टक्के. एका हाताची चारही बोटं, ५०. तीन बोटं, ३०. दोन, २०. एकटी तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं ११, एक पेर ९, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७, आणि तिचं टोक असेल तर २ टक्के. १९२३ च्या कायद्यात, कामगार राज्य विम्याच्या (ईएसआय) कायद्यात आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत, सगळीकडे तक्ता हाच.

त्याचे पैसे करून पाहू. पगार महिना १५,००० धरा, दिवसाचे ५००. राज्य विम्यात कायमच्या अपंगत्वाचा दर मजुरीच्या ९० टक्के, म्हणजे ४५०. त्याचे १४ टक्के ६३. तर्जनी गेलेल्याला दिवसाला ६३ रुपये, मरेपर्यंत. विमा नसेल आणि भरपाईचा कायदा लावायचा असेल तर पंचवीस वर्षांच्या मुलाला तर्जनीचे एकरकमी सुमारे २ लाख ७३ हजार. अंगठ्याला विम्यातून दिवसाचे १३५. मी हे आकडे कुचेष्टेने सांगत नाही. काहीच नव्हतं तिथे हे आलं, ते आणण्यासाठी माणसं झिजली. पण लोखंड्यांनी मागितली होती पोटापाण्याची सोय. तक्ता देतो बोटाचा भाव; म्हणून मघाशी 'अर्धा' म्हणालो.

बोट आणि पोट यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकात एका सुताराच्या खटल्यात ओळखला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्ता म्हणत होता ७० टक्क्यांच्या आसपास. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हा माणूस सुतार म्हणून शंभर टक्के गेला, भरपाई पूर्ण द्या. शिवाय ती अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. हा निकाल वकील मंडळी पाठ म्हणतात. प्रेसवरच्या मुलाला मात्र तो माहीत नसतो, आणि त्याच्या समोर बसलेल्या कारकुनाला माहीत असला तरी तो सांगत नाही.

बोट जातं म्हणजे काय जातं, हे मी एका मुलाकडून शिकलो. वाशिमकडचा होता, एका छोट्या शेडमध्ये प्रेसवर. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मधल्या सांध्यापासून गेलं. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याला पॅकिंगला बसवलं. शर्टाची बटणं तो डाव्या हाताने लावायला शिकला होता. चिल्लर मोजताना नाणी टेबलाच्या कडेला ओढून तळहातात पाडायचा. थंडी पडली की खुंट ठणकायचे, मग तो हात काखेत धरून बसे. पण त्याचा खरा घोटाळा झाला बँकेत. भरपाईची रक्कम खात्यात आली आणि ती काढायला हा गेला तर सही जुळेना. जुळणार कशी? पेन धरणारी बोटंच नाहीत. "सही आधीसारखी करा," असं त्याला दोनदा सांगण्यात आलं. शेवटी माझ्यासारखे दोघे साक्षीला गेले तेव्हा नवी सही नोंदली गेली. तो बाहेर येऊन हसला आणि म्हणाला, "काका, सही गेली त्याचे किती टक्के?"

शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती खिशात असलेली बरी. तुटलेला हात जोडता येतो हे १९६३ साली शांघायच्या डॉक्टरांनी दाखवलं. तिथला रुग्णही पंचिंग मशिनवर हात तुटलेला कारखान्याचा कामगारच होता. १९६५ मध्ये जपानमध्ये नारा इथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून अंगठा बसवला गेला. आपल्याकडे कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने या कामात मोठं नाव मिळवलं. बोटात स्नायू नसतात, त्याला हलवणारे स्नायू असतात तळहातात आणि कोपराखाली, म्हणून तुटलेलं बोट नीट थंड ठेवलं तर बरेच तास टिकतं. मनगटावरून हात तुटला तर वेळ फार कमी. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, पेशी गोठून मरतात. पाण्यातही बुडवू नका. एवढं प्रत्येक शेडमधल्या एका तरी माणसाला यावं. पण आमच्या प्रेसबाबत सर्जन काय सांगतात, तर सुरीने कापलेलं बोट जोडता येतं, चेंगरलेलं बहुतेक वेळा नाही. आणि प्रेस बोट चेंगरतो.

म्हणजे इलाज हॉस्पिटलात नाही, यंत्रापाशीच आहे. तो काय असतो याचं एक उत्तम उदाहरण शेतातलं आहे. हरितक्रांतीनंतर मळणी यंत्रं गावोगाव पसरली आणि पेंढी आत ढकलताना माणसांचे हात ड्रममध्ये जाऊ लागले. उत्तर भारतात हे इतकं झालं की १९८३ मध्ये संसदेने घातक यंत्रांचा वेगळा कायदा केला. पण खरं काम केलं ते पेंढी आत सोडायच्या प्रमाणित घसरंडीने. ती किमान ९०० मिलिमीटर लांब, आणि ड्रमकडचा ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला. एवढंच. माणूस दमलेला असो, झोपेत असो, त्याचा हात ड्रमपर्यंत पुरतच नाही. त्याला सावध राहा असं सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या कडबाकुट्टीवाल्यांनीही हे तोंड लांब करावं. अजून पुष्कळ ठिकाणी ते वीतभरच असतं.

प्रेसवरही हेच. डायला चारी बाजूंनी पिंजरा करा, पत्रा आत जाईल एवढीच फट ठेवा, डायच्या तोंडाशी ती ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, बोट शिरत नाही. तुकडा हाताने ठेवायच्या ऐवजी घसरपट्टीवरून सोडा किंवा पट्टीच्या पट्टी आत सरकवा. नग काढायला हवेचा झोत लावा, नाहीतर चुंबक, नाहीतर गेला बाजार लांब चिमटा. यांतलं काहीही डाय बनवतानाच करायचं असतं, आणि ते माझ्यासारख्या टूलरूमवाल्याच्या हातात असतं. ड्रॉइंगवर डायची किंमत, आयुष्य आणि नगाची मापं असतात. हात कुठून येणार हे कोणी ड्रॉइंगवर दाखवत नाही.

इंग्लंडने १९६५ मध्ये प्रेससाठी वेगळे नियम केले. त्यातला एक मला फार आवडतो. डाय बदलली, पुन्हा सेट केली, की नेमलेल्या प्रशिक्षित माणसाने गार्ड तपासून सही केल्याशिवाय त्या प्रेसवर काम करायचं नाही. आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत पुन्हा तपासणी. एक माणूस, एक वही, एक सही. यात पैसे लागत नाहीत, फक्त त्या सहीच्या माणसाला 'थांब' म्हणायचा अधिकार द्यावा लागतो. आपल्याकडे अडतं ते तिथे.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळतो. बोटं जातात कुठे? गाडीवर ज्यांचं नाव असतं त्यांच्या चकाचक प्लांटमध्ये सहसा नाही. ती जातात त्यांना भाग पुरवणाऱ्यांच्या, आणि त्या पुरवणाऱ्यांना भाग पुरवणाऱ्यांच्या शेडमध्ये. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. सुरुवात गुरुग्राम-फरीदाबादपासून झाली, पुढे आपला पुणे पट्टाही त्यात आला. जखमींमध्ये कंत्राटी आणि परगावचे कामगार, यंत्रांमध्ये सर्वांत वर पॉवर प्रेस, आणि कित्येकांचं राज्य विम्याचं कार्ड अपघात झाल्यावरच हातात पडलेलं, असं हे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात. ज्याने शॉप पाहिलं आहे त्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. बोट गेल्यावर संगणकावर घाईघाईने नाव चढवलं जातं, याची मला वेगळी साक्ष नको.

या कंपन्यांची माणसं छोट्या शेडमध्ये येत नाहीत असं नाही. येतात. भोकाचं माप दोन शतांश मिलिमीटरने चुकलं तर सगळा लॉट परत करतात. पत्रा उलटा बसू नये, डायमध्ये दोन तुकडे एकदम जाऊन डाय फुटू नये म्हणून सेन्सर लावायला सांगतात आणि लावला की नाही ते तपासतात. लाखाची डाय वाचवायचा सेन्सर मी स्वतः कितीतरी वेळा बसवला आहे. त्याच प्रेसवर हात वाचवायची सोय नव्हती, कारण ती ऑर्डरच्या अटींमध्ये नव्हती. ज्यांना शतांश मिलिमीटर दिसतो त्यांना चार बोटांचा पंजा दिसत नाही, हे मला पटत नाही. दिसतो. पण तो बघणं त्यांच्या तक्त्यात नाही.

सरकारचं म्हणाल तर माझं मत मिश्र आहे. जुन्या फॅक्टरी कायद्यात गंभीर इजा झाली तर किमान दंड होता ५,००० रुपये. एका डायच्या पॉलिशचा खर्च याहून जास्त. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो किमान २ लाख झाला, आणि त्यातला निदान निम्मा जखमी माणसाला देण्याचा हुकूम न्यायालय करू शकतं. हे चांगलं झालं, मोकळेपणाने म्हणू या. पण त्याच संहितेने कारखाना कशाला म्हणायचं याचा उंबरठा वर नेला. १८८१ मध्ये १०० माणसं, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये वीज वापरणाऱ्यांना १०. सदुसष्ट वर्षं हा आकडा खाली येत होता. आता तो पुन्हा २० आहे. नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या. प्रेस असलेल्या शेडमध्ये किती माणसं असतात? आठ, बारा, पंधरा. बोटं जातात ती शेड कारखानाच नाही, असं म्हणून चालेल का?

आता शेवटचं, आणि याच्यासाठीच मी आज आलो. सभागृहात छोटे कारखानदार पुष्कळ बसले आहेत, त्यांतले काही माझे जुने मित्र आहेत. मोठा कारखाना नवे प्रेस घेतो तेव्हा जुने की-क्लचचे विकतो. ते घेणारा त्याहून लहान असतो. तो पाच-सात वर्षं वापरतो आणि आणखी लहानाला विकतो. यंत्र मरत नाही, फक्त प्रत्येक विक्रीला त्याची की आणखी झिजलेली असते आणि विकत घेणाऱ्याकडे गार्डसाठी पैसा आणखी कमी असतो. लिलावात अशा प्रेसचं वर्णन 'चालू स्थितीत' असं करतात. वीस-पंचवीस वर्षं चाललेला प्रेस असा चार हातांमधून गेलेला असतो, आणि प्रत्येक शेडमध्ये त्याने एखादं बोट घेतलेलं असू शकतं. त्याची नोंद कुठेच नसते, कारण नोंदी असतात कारखान्याच्या, यंत्राच्या नसतात.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमच्याकडचा की-क्लचचा प्रेस बदलाल त्या दिवशी तो विकू नका. पोराच्या लग्नाला पैसे कमी पडतील, मला ठाऊक आहे. तरीही विकू नका. फ्लायव्हील काढा, क्रँकशाफ्ट गॅसकटरने मधोमध कापा आणि भंगाराच्या भावाने द्या. आणि ज्यांना आज बदलणं परवडत नाही, त्यांनी उद्या सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी खटक्याची स्प्रिंग बदलून घ्या. तासाभराचं काम आहे. माझ्याकडून ते मोफत करून मिळेल.